पाच वर्षं, सात महिने: स्टोन रोझेसचा दुसरा अल्बम नेमका कुठे अडला?

मँचेस्टरच्या 'द स्टोन रोझेस' या बँडचा पहिला अल्बम मे १९८९ मध्ये आला आणि दुसरा, 'सेकंड कमिंग', ५ डिसेंबर १९९४ रोजी. पहिल्याला आजही ब्रिटिश रॉकमधल्या सर्वांत महत्त्वाच्या अल्बमांत धरतात. दुसऱ्याचं नाव निघालं की मात्र लोक आधी उशिराबद्दल बोलतात आणि गाण्यांबद्दल नंतर, तेही वेळ उरला तर. आपल्याकडे नव्वदच्या दशकात ओअॅसिस ऐकत मोठे झालेल्यांना हा बँड बहुधा उलट्या वाटेने भेटला. ओअॅसिसचा गायक लियम गॅलाघर याने रोझेसना स्टेजवर पाहिलं आणि मग गायचं ठरवलं, हे त्याने अनेकदा सांगितलं आहे.

उशिराचं खापर साधारणपणे दोन गोष्टींवर फोडतात. एक, रेकॉर्ड कंपनीशी झालेला कोर्टाचा झगडा. दोन, नव्या करारातून आलेला पैसा आणि त्यामागून आलेला आळस. दोन्हींत तथ्य आहे, पण तारखा शेजारी शेजारी मांडल्या तर हिशेब जुळत नाही. दोन अल्बमांमध्ये ६७ महिने गेले. त्यातले ज्या काळात बँडला कायद्याने रेकॉर्डिंग करता येत नव्हतं, ते जेमतेम आठ. उरलेल्या काळाचा जाब कोर्टाकडे मागता येणार नाही.

आमच्या मते खरी मोडतोड कामाच्या पद्धतीत झाली. बँडमधल्या चौघांची गाणी स्टेजवर आणि तालमीच्या खोलीत पिकायची. १९९० च्या उन्हाळ्यात स्टेज बंद झालं आणि त्याच्या जागी दुसरी कोणतीच पद्धत बसवली गेली नाही.

पहिला अल्बम चार वर्षं जुना होता

बँडमध्ये इयन ब्राऊन गायक, जॉन स्क्वायर गिटारवर, रेनी ड्रमवर आणि मानी बेसवर. मानी आला १९८७ च्या शेवटी. त्याच्या येण्याने ठेका आणि बेस यांची जोडी जमली आणि बँडचा आवाज बदलला.

पहिला अल्बम ऐकताना वाटतं की हे सगळं एका दमात सुचलं असावं. प्रत्यक्षात त्यातली 'आय वॉना बी अडोर्ड' आणि 'धिस इज द वन' ही दोन गाणी १९८५ मध्येच निर्माता मार्टिन हॅनेटबरोबर रेकॉर्ड झाली होती. ते सत्र तेव्हा बाहेर आलं नाही. १९९६ मध्ये 'गराज फ्लॉवर' या नावाने निघालं. दोन्ही आवृत्त्या एकामागून एक लावून ऐका. १९८५ चं 'अडोर्ड' घाईचं आहे, दात-ओठ खात वाजवलेलं. १९८९ च्या आवृत्तीत तेच गाणं निवांत झालंय. आधी सुमारे पाऊण मिनिट नुसती धुसर गुणगुण, मग बेसचे मोजके सूर, मग गिटार, मग ड्रम आणि गायक त्याही नंतर. ही मांडणी स्टुडिओत बसून काढलेली नाही. हे त्यांचं मैफल सुरू करण्याचं गाणं होतं. प्रेक्षक कुठे थांबतात, बेस आल्यावर काय होतं, गायकाने किती वेळ वाट पाहायला लावायची, हे त्यांनी लोकांसमोर वाजवून वाजवून ठरवलं होतं.

'आय अॅम द रिझरेक्शन'च्या शेवटी जी लांबलचक वाजवणूक येते, तिचा उगम तर साउंडचेकमधल्या (मैफलीआधीच्या आवाजाच्या चाचणीतल्या) चेष्टेत आहे. मानी बीटल्सच्या 'टॅक्समन'ची बेसलाइन उलटी वाजवायचा, स्क्वायर वरून गिटार खेळवायचा, रेनी ठेका धरायचा. टिंगल म्हणून अनेक साउंडचेकना हे चालल्यावर एकदा त्यांनी ठरवलं की ही चेष्टा आता नीट वाजवू. साउंडचेकच होत नसते तर हा भाग जन्मालाच आला नसता. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

निर्माता जॉन लेकी हा ॲबी रोड स्टुडिओत टेपच्या कामापासून वर आलेला माणूस. त्याने गाणी बदलली नाहीत, नीट करून घेतली. त्याच्याबरोबरच्या खेळाचा उत्तम नमुना म्हणजे 'डोन्ट स्टॉप'. 'वॉटरफॉल'ची टेप उलटी फिरवली, त्या उलट्या सुरांत जे शब्दांसारखं ऐकू येतं त्यावरून नवे शब्द लिहिले आणि वरून नवा आवाज व ठेका चढवला. गंमत आहे, पण तिच्याखाली आधी एक पक्कं, पूर्ण झालेलं गाणं आहे. अकरा गाणी, ४९ मिनिटं. सगळ्यांवर लेखक म्हणून ब्राऊन आणि स्क्वायर या दोघांची नावं.

अल्बम आला तेव्हा ब्रिटिश विक्रीच्या यादीत ३२ व्या क्रमांकापर्यंत गेला, म्हणजे धडाका वगैरे काही नाही. हवा तयार झाली ती मैफलींनी: ऑगस्टमध्ये ब्लॅकपूलचा एम्प्रेस बॉलरूम, नोव्हेंबरमध्ये लंडनचा अलेक्झांड्रा पॅलेस. त्याच नोव्हेंबरात 'फूल्स गोल्ड' आलं आणि आठव्या क्रमांकावर पोचलं. जवळजवळ दहा मिनिटांचं गाणं, खाली जुन्या फंक रेकॉर्डवरून घेतलेला फिरता ठेका, त्यावर रेनीचं हाताने वाजवलेलं काम आणि मानीचा न थकणारा बेस. गिटारवाल्या बँडच्या गाण्यावर नाचता येतं, हे तिथे सिद्ध झालं. पुढच्या दहा वर्षांतल्या ब्रिटिश बँडांनी यातून काय काय उचललं त्याची यादी मोठी आहे.

पहिली भेग कोर्टाच्या आधीची आहे

जुलै १९९० मध्ये 'वन लव्ह' हे पुढचं एकल गाणं (सिंगल, म्हणजे सुटं विकलं जाणारं) आलं आणि थेट चौथ्या क्रमांकावर गेलं. आकड्यांत पाहिलं तर प्रगती. ऐकायला बसलं की लक्षात येतं, हा 'फूल्स गोल्ड'चा साचा पुन्हा वापरलाय. तसाच ठेका, तशीच घुमणारी गिटार, आणि वर एक मोठं धृपद लावून दिलेलं, जे खालच्या वाजवणुकीत मुरलेलंच नाही. 'फूल्स गोल्ड'मध्ये धृपद असं वेगळं काढून दाखवता येत नाही, सगळं एकाच प्रवाहात वाहतं. इथे सांधा दिसतो.

हे गाणं आलं तेव्हा बँडवर कोणतीही बंदी नव्हती. २७ मे १९९० ला स्पाइक आयलंडवर सत्तावीस हजारांहून जास्त लोकांसमोर ते वाजवून आले होते. ९ जूनला ग्लासगो ग्रीनवर वाजवलं. त्यानंतर या चौघांनी एकत्र अशी जाहीर मैफल थेट २०१२ मध्ये केली. १९९५ मध्ये बँड परत स्टेजवर आला तेव्हा ड्रमवर दुसराच माणूस होता.

म्हणजे दुसऱ्या अल्बमची आखणी व्हायला हवी होती तेव्हा नवीन गाण्यांचा साठा जवळपास रिकामा होता. चार-पाच वर्षांत साठवलेलं सगळं पहिल्या अल्बमात आणि त्याच्या आसपासच्या एकल गाण्यांत खर्च झालं होतं. प्रत्येक नव्या बँडला हा प्रश्न येतोच. पहिल्या अल्बमला हयातभराचा वेळ मिळतो आणि दुसऱ्याला वर्षभराचा. बहुतेक बँड हा खड्डा दौऱ्यावर असताना, गाडीत आणि साउंडचेकमध्ये भरून काढतात. रोझेसनी दौराच थांबवला.

करार, निकाल आणि भिजत पडलेलं घोंगडं

१९८८ मध्ये बँडने झोंबा समूहातल्या सिल्व्हरटोन कंपनीशी करार केला होता. यश आल्यावर त्यातल्या अटी टोचू लागल्या. बँड बाहेर पडायच्या हालचाली करतोय हे दिसल्यावर सप्टेंबर १९९० मध्ये सिल्व्हरटोनने मनाई हुकूम मिळवला. दुसऱ्या कोणासाठी रेकॉर्डिंग करायचं नाही. मार्च १९९१ मध्ये सुनावणी झाली आणि २० मे १९९१ ला निकाल बँडच्या बाजूने लागला.

निकालाचा गाभा असा. कंपनीला बँडवर वर्षानुवर्षांचा एकतर्फी हक्क होता, मुदत वाढवायची की नाही हे कंपनीच ठरवणार होती, पण बँडचं संगीत प्रसिद्ध करण्याचं बंधन मात्र कंपनीवर नव्हतं. म्हणजे बँडला बांधून ठेवून काम कपाटात ठेवता आलं असतं. शिवाय करार करताना बँडच्या बाजूने जो वकील होता त्याला संगीत व्यवसायातल्या करारांचा अनुभव नव्हता. व्यवसायावर अवाजवी बंधन, या तत्त्वावर न्यायाधीशांनी करार लागू होत नाही असं ठरवलं. त्यामागे १९७४ चा, एका तरुण गीतकाराच्या प्रकाशन कराराबद्दलचा हाउस ऑफ लॉर्ड्सचा निकाल होता. संगीत कायदा शिकवताना ही दोन प्रकरणं आजही जोडीने येतात.

इथल्या बँडांनी हे वाचून हुरळून जाऊ नये. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मध्ये व्यवसायाला आडकाठी करणारा करार रद्दबातल आहे असं कडक शब्दांत लिहिलंय खरं. पण करार चालू असतानाच्या मुदतीतली 'फक्त आमच्यासाठीच काम करा' ही अट आपली न्यायालयं सहसा या कलमाखाली उडवत नाहीत. करार संपल्यानंतरच्या बंधनांवर ते जास्त जोराने चालतं. सही करण्याआधी तीन गोष्टी बघाव्यात: मुदत वाढवण्याचा हक्क एकट्या कंपनीला आहे का, प्रसिद्ध करण्याची तारीखबद्ध जबाबदारी कंपनीवर आहे का, आणि ती न पाळल्यास गाणी परत मिळतात का.

निकालानंतर लगेच गेफेन कंपनीबरोबर अनेक अल्बमांचा, प्रचंड रकमेचा करार झाला. झोंबाने अपिलाची तयारी केली, त्यामुळे घोंगडं आणखी काही काळ भिजत राहिलं. पण हात मोकळे झाले होते. मे १९९१ ते डिसेंबर १९९४ हा साडेतीन वर्षांहून जास्त काळ बँडचा स्वतःचा होता.

दरम्यान सिल्व्हरटोनने काय केलं, हे फारसं कोणी बघत नाही. तिच्याकडे जुनी गाणी होतीच. सप्टेंबर १९९१ मध्ये 'अडोर्ड', १९९२ च्या जानेवारीत 'वॉटरफॉल', नंतर 'रिझरेक्शन' ही एकल गाणी म्हणून निघाली आणि त्याच वर्षी जुलैत 'टर्न्स इंटू स्टोन' हा संग्रह. बँड गप्प होता आणि दुकानात मात्र त्यांचंच सर्वोत्तम काम दर काही महिन्यांनी नवं वेष्टन घालून येत होतं. ज्या मापाने पुढे दुसरा अल्बम मोजला जाणार होता, ते माप कंपनी घासूनपुसून चकचकीत करत होती.

ॲडव्हान्सचा पैसा आणि रॉकफील्ड

ॲडव्हान्स म्हणजे बक्षीस नव्हे. ती पुढच्या रॉयल्टीतून वळती होणारी उचल आहे, आणि स्टुडिओचा खर्चही सहसा त्याच खात्यावर चढतो. पण तो खर्च रोजच्या रोज खिशातून जात नसल्याने जाणवत नाही. पहिल्या अल्बमाच्या वेळी स्टुडिओचे तास मोजके होते आणि रात्रीची कमी दराची सत्रंही वापरली जात. आता उलट. वेल्समधल्या मॉनमथजवळचा रॉकफील्ड हा जुन्या शेतघरात उभा राहिलेला, राहण्या-जेवण्याची सोय असलेला स्टुडिओ. तिथे बँड मुक्काम ठोकतो. घड्याळ नाही, शेजारी नाहीत, आणि गाणं फसलं तरी उद्या सकाळी पुन्हा करता येतं.

क्रम साधारण असा. १९९२ मध्ये उत्तर वेल्समधल्या यूलो इथे लेकीबरोबर सुरुवात. मग बरी नावाच्या गावातला स्क्वेअर वन स्टुडिओ. १९९३ च्या मध्यावर रॉकफील्ड. तिथे लेकी बाहेर पडला. त्याच्या जागी पॉल श्रोडर आला, जो पहिल्या अल्बमावर ध्वनी अभियंता होता. १९९४ मध्ये तोही गेला आणि काम सायमन डॉसनने पुरं केलं, जो रॉकफील्डचाच अभियंता.

ही साखळी नीट बघा. तिघेही आपल्या कामात तरबेज. पण प्रत्येक टप्प्यावर 'हे गाणं अजून झालेलं नाही, तालीम करून या' असं बँडला तोंडावर सांगण्याचा अधिकार कमी कमी होत गेला. लेकी ते म्हणू शकत होता. ज्या स्टुडिओत बँड महिनोन्महिने भाडं भरून राहतोय, त्या स्टुडिओचा अभियंता ते म्हणणं अवघड. मॅनेजर गॅरेथ इव्हान्सलाही १९९२ मध्ये काढलं होतं. इव्हान्सची बाजू घ्यायचं कारण नाही, सिल्व्हरटोनचा करार त्याच्याच काळातला. तरी तारीख ठरवणारा, फोन करून कटकट करणारा कोणीतरी लागतो. त्या खुर्चीत पक्कं कोणी बसलं नाही.

टेपवर काय ऐकू येतं

'सेकंड कमिंग'मध्ये बारा गाणी आहेत आणि लांबी तासाच्या वर. लेखकांची नावं मोजली की पद्धत कशी बदलली ते आकड्यांतच दिसतं. बारापैकी नऊ गाणी एकट्या स्क्वायरची. एक ब्राऊनचं, 'स्ट्रेट टू द मॅन'. एक दोघांचं, 'बेगिंग यू'. आणि एकच गाणं चौघांच्या नावावर, 'डेब्रेक'. जिथे आधी दोघं जण ओळी जुळवत, तिथे आता एक जण घरी डेमो, म्हणजे गाण्याचं कच्चं रेकॉर्डिंग, बांधून आणत होता आणि बाकीचे त्यात आपला भाग वाजवत होते.

पहिलंच गाणं, 'ब्रेकिंग इंटू हेवन', अकरा मिनिटांच्या वर जातं. पाण्याचे आवाज, जंगल, ढोलासारखे ठोके, लांबून विव्हळणारी गिटार आणि असं करत करत साधारण साडेचार मिनिटांनी गाणं सुरू होतं. नमनालाच घडाभर तेल. 'अडोर्ड'चीही सुरुवात अस्पष्ट आवाजांनीच होते, म्हणून तुलना अगदी सरळ करता येते. तिथे पाऊण मिनिट पुरलं, कारण ते लोकांसमोर मापून घेतलं होतं. इथे मापायला समोर कोणी नव्हतं. साडेचार मिनिटांची ही सुरुवात पबमध्ये दोनशे लोकांसमोर एकदा जरी वाजवली असती तरी ती दीड मिनिटावर आली असती, असं आम्हाला वाटतं. त्यात वाईट हे की पुढचं गाणं दणदणीत आहे. रेनी त्यात जे वाजवतो ते त्याच्या सर्वोत्तम कामांत बसेल.

दुसरा बदल गिटारचा. पहिल्या अल्बमात स्क्वायरची गिटार बहुतांशी स्वच्छ, खणखणीत, एकेक तार सुटी सुटी ऐकू येणारी. 'वॉटरफॉल'मध्ये ती वरच्या पट्टीत फिरत राहते आणि खालची सगळी जागा बेसला मोकळी सोडते. म्हणून मानीच्या बेसलाइन गुणगुणता येतात. 'सेकंड कमिंग'मध्ये लेस पॉल गिटारचा जाड, खरखरीत आवाज, लेड झेपेलिन या बँडच्या वळणाचे ब्लूज रिफ (पुन्हा पुन्हा वाजणारे छोटे तुकडे) आणि त्यावर आणखी गिटारचे थर. हा जाड आवाज मधल्या आणि खालच्या कंपनसंख्या व्यापतो. ती बेसची आणि गायकाची जागा. मग मिश्रणाच्या वेळी एकाला वर आणलं की दुसरा बुडतो. 'ड्रायव्हिंग साउथ' हेडफोनवर ऐका आणि फक्त बेसच्या मागे जायचा प्रयत्न करा. बेस आहे, पण तो रिफच्या सावलीत चालतो, स्वतःचं काही बोलत नाही.

गायकाचं नुकसान जास्त झालं. इयन ब्राऊनचा आवाज छोटा आहे, कुजबुजीच्या अंगाने जाणारा. पहिल्या अल्बमात त्याला सांभाळून घेणारी दोन माणसं होती: आवाज नीट बसवणारा लेकी आणि मागून सुरेल साथ देणारा रेनी. रेनीची ड्रमिंगबद्दल स्तुती होते, ती योग्यच, पण गायक म्हणून त्याचं काम कमी लोकांच्या लक्षात येतं. ब्लूज रिफवर गाण्यासाठी फुप्फुसं फाडणारा गायक हवा. ब्राऊन तसा नाही आणि तसं व्हायचा प्रयत्नही तो करत नाही. त्यामुळे अनेक ठिकाणी गिटार ओरडते आणि गायक पुटपुटतो.

म्हणून जिथे गिटार मागे सरते तिथे हा अल्बम उजळतो. 'टाइटरोप' जवळजवळ नुसतं ॲकॉस्टिक आहे आणि ब्राऊन-रेनी यांचे आवाज एकमेकांत मिसळतात. 'टेन स्टोरी लव्ह साँग' पहिल्या अल्बमात सहज खपलं असतं. 'डेब्रेक' म्हणजे चौघं एका खोलीत वाजवताहेत, बस्स. त्यात पक्की चाल अशी नाही, पण श्वास आहे. आणि 'बेगिंग यू' हे हुकलेल्या वाटेचा दिशाफलक म्हणता येईल असं गाणं. फिरत्या तुकड्यांवर बांधलेलं, कर्कश, वेगवान, १९९४ च्या नाचाच्या संगीताशी थेट बोलणारं. 'फूल्स गोल्ड'च्या पुढचं पाऊल हेच होतं. त्या दिशेची आणखी तीन गाणी असती तर आज हा लेख वेगळा झाला असता.

सीडीवर शेवटी बराच वेळ शांतता आहे आणि ९० व्या क्रमांकाला 'द फॉझ' नावाचा, पियानो आणि फिडलवर केलेला बेसूर गोंधळ लपवलाय. आता मजा वाटते. पाच वर्षं थांबलेल्या माणसाला तेव्हा वाटली असेल का, शंका आहे.

प्रयोग करायचा असेल तर अल्बमातली आठ गाणी या क्रमाने लावा: 'ब्रेकिंग इंटू हेवन' साडेचार मिनिटांपासून पुढे, 'टेन स्टोरी लव्ह साँग', 'डेब्रेक', 'बेगिंग यू', 'टाइटरोप', 'हाऊ डू यू स्लीप', 'टिअर्स' आणि शेवटी 'लव्ह स्प्रेड्स'. पहिल्या अल्बमापेक्षा लहान, आटोपशीर अल्बम होतो. पहिल्याच्या तोडीचा होतो का? नाही. पण त्याच बँडचा वाटतो.

तोच निर्माता, तेच वर्ष, दुसरा बँड

रोझेसना सोडल्यानंतर लेकी १९९४ मध्ये रेडिओहेडबरोबर 'द बेंड्स'वर काम करत होता. त्यांचीही अडचण तीच: 'क्रीप' या एकाच गाण्याने उभी केलेली अपेक्षा आणि कंपनीची घाई. लंडनच्या आरएके स्टुडिओत सुरुवातीचे आठवडे घुसमटीत गेले. मग त्यांनी रेकॉर्डिंग अर्धवट सोडलं आणि दौऱ्यावर गेले. नवीन गाणी लोकांसमोर वाजली, मांडणी पक्की झाली आणि परत आल्यावर मॅनर स्टुडिओत काम भराभर झालं. 'माय आयर्न लंग'साठी तर मे १९९४ मधल्या लंडन ॲस्टोरियाच्या मैफलीचंच रेकॉर्डिंग वापरलं, फक्त मुख्य आवाज नव्याने घेतला. मार्च १९९५ मध्ये अल्बम बाहेर.

इथे प्रतिभा जास्त की कमी हा मुद्दा गैरलागू आहे. अडलेल्या गाण्याला स्टुडिओच्या बाहेर काढायची वाट एका बँडने वापरली आणि दुसऱ्याने वापरली नाही.

बाजारात

'लव्ह स्प्रेड्स' नोव्हेंबर १९९४ मध्ये आलं आणि दुसऱ्या क्रमांकावर गेलं, बँडचं तोवरचं सर्वोच्च स्थान. अल्बम चौथ्या क्रमांकापर्यंत. म्हणजे विक्री पडली म्हणता येत नाही. पण वेळ फसली होती. ऑगस्टमध्ये ओअॅसिसचा पहिला अल्बम येऊन गेला होता आणि रोझेसनी मोकळी सोडलेली खुर्ची भरली होती. बँडने पहिली मुलाखत बेघर लोक रस्त्यावर विकतात त्या 'बिग इश्यू'ला दिली. हेतू स्तुत्य, पण पाच वर्षं वाट पाहणारी संगीत साप्ताहिकं नाराज झाली. आणि अल्बमचं नाव काय, तर 'दुसरं आगमन', जसं ख्रिस्ताचं परत येणं. टीकाकारांच्या हाती दिलेलं कोलीत.

पांगापांग

१९९५ च्या वसंतात, दौरा सुरू होण्याच्या तोंडावर रेनीने बँड सोडला. रॉबी मॅडिक्सला ड्रमवर घेऊन एप्रिलमध्ये ऑस्लोपासून दौरा सुरू झाला. जूनमध्ये ग्लास्टनबरी महोत्सवात मुख्य जागा मिळाली होती. त्याआधी अमेरिकेत सायकलवरून पडून स्क्वायरचं गळ्याचं हाड मोडलं. त्यांच्या जागी पल्प हा बँड वाजवून गेला आणि रातोरात मोठा झाला. दुष्काळात तेरावा महिना. १९९६ च्या एप्रिलमध्ये स्क्वायर बाहेर. ऑगस्टमध्ये ब्राऊन आणि मानी नवा गिटारवादक अझीझ इब्राहिमला घेऊन रेडिंग महोत्सवात उतरले. अझीझ उत्तम वाजवणारा, पण त्या रात्री ब्राऊनचा सूर इतका हरवला होता की तेच सगळ्यांच्या लक्षात राहिलं. ऑक्टोबरमध्ये बँड संपल्याचं जाहीर झालं.

२०१२ मध्ये २९ जून ते १ जुलै मूळ चौघं मँचेस्टरच्या हीटन पार्कात सलग तीन रात्री वाजले. जवळपास वीस गाण्यांच्या यादीत 'सेकंड कमिंग'मधली दोनच होती, 'टेन स्टोरी लव्ह साँग' आणि 'लव्ह स्प्रेड्स'. 'लव्ह स्प्रेड्स'च्या त्या मैफलींतल्या ध्वनिचित्रफिती मिळाल्या तर अल्बमातल्या आवृत्तीशेजारी लावून बघा. गिटार एकच, मागे रेनी, आणि बेस स्पष्ट ऐकू येतो. २०१६ मध्ये 'ऑल फॉर वन' आणि 'ब्यूटिफुल थिंग' ही दोन नवी गाणी निघाली, पुढच्या वर्षी २४ जूनला ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर शेवटची मैफल झाली. तिसरा अल्बम आला नाही.